डॉ. खानखोजे यांचा मका



शेतीचें शास्त्र महाविद्यालयांत कितीही वाढलें, तरी तें बांधापर्यंत पोंचलें नाहीं तर त्याचा उपयोग काय? या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या आयुष्यानें दिलें, ते डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे आपल्या वर्ध्याचे.

देश स्वतंत्र करावा या ध्यासानें ते तरुणपणींच जपानमार्गें अमेरिकेस गेले. क्रांतिकार्य आणि कृषिशिक्षण हीं दोन्हीं त्यांनीं तेथें बरोबरच चालविलीं. १९१३ सालीं निघालेल्या गदर पक्षाच्या आद्य कार्यकर्त्यांपैकीं ते एक. पहिल्या महायुद्धांतील उठावाचा प्रयत्न फसला आणि मायदेशाचीं दारें त्यांना बंद झालीं. १९२४ सालीं ते मेक्सिकोस आले.

तेथें क्रांतीनंतर कुळांना जमिनी मिळूं लागल्या होत्या. परंतु नुसत्या जमिनीनें घरांत धान्य येत नाहीं. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक असतांना खानखोजे यांनीं शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा चालविल्या. चित्रकार दियेगो रिव्हेरा यांनीं मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतीवर भाकरीच्या पंगतीचें जें भित्तिचित्र काढलें, त्यांत या परदेशी गुरुजींनाही स्थान दिलें.

त्यांचें मुख्य संशोधन मक्यावर होतें. मक्याच्या शेंड्यावरील तुरा हा नर, व बगलेंतील कणीस ही मादी. तुऱ्याचे पराग कणसाच्या मऊ केसांवर पडले म्हणजे दाणा भरतो. म्हणून संकर करावयाचा तर मादी झाडाचा तुरा वेळींच खुडावा, कणीस कागदाच्या पिशवीनें झांकावें आणि हव्या त्या झाडाचे पराग हातानें त्यावर झटकावे. मक्याचा तेओसिंते नांवाचा रानटी भाऊबंद तेथें उगवतो. त्याचे दाणे थोडे व कठीण. पण एका बुंध्यांतून अनेक ताटें फुटतात आणि कणसेंही पुष्कळ लागतात. या दोहोंच्या संकरांतून अधिक कणसें धरणारा मका काढण्यासाठीं खानखोजे झटले.

स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशीं परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजीं नागपुरास निवर्तले. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

मीं जन्मभर शाळेंत शिकविलें. उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या संख्येवरून शिक्षकाची किंमत ठरविण्याची आपली रीत आहे. खानखोजे यांचे पुष्कळसे विद्यार्थी परीक्षेला कधीं बसलेच नाहींत. ते पेरणीला गेले. ज्या मातीसाठीं त्यांनीं घर सोडलें, तिची सेवा ऐन उमेदींत त्यांच्या हातून घडली नाहीं, ही खंत आपली. मेक्सिकोच्या शेतकऱ्यानें मात्र त्यांना परका मानलें नाहीं.