लेकीचं विज्ञानाचं गणित अडलं, तर आईनं काय करावं?

मैत्रिणींनो, नववी-दहावीची लेकरं ज्या घरात आहेत तिथं एक वाक्य हमखास ऐकू येतं, “विज्ञान समजतं, पण त्यातली गणितं सुटत नाहीत.” बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकात पहिलाच धडा आहे ‘गतीचे नियम’. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भाग १ मध्ये पहिलाच धडा ‘गुरुत्वाकर्षण’. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच वेग, बल, वजन यांची गणितं समोर येतात, आणि लेकरू तिथंच घाबरलं की वर्षभर विज्ञानाला घाबरतं.

मुलगा अडला तर आपण ट्यूशनचा विचार करतो. मुलगी अडली तर “हिला विज्ञान जमत नाही” असं म्हणून मोकळे होतो. दहावीला गुण कमी पडले की “आता शिकून काय करायचं” म्हणणारं कुणीतरी घरात निघतंच. म्हणून हे गणित आपल्याही कामाचं आहे. आणि ते तुम्हाला वाटतं तेवढं परकं नाही.

बचतीच्या वहीतलं सूत्र

समजा, गटाची मागील शिल्लक ५०० रुपये आहे. दर आठवड्याला ५० रुपये जमा होतात. १० आठवड्यांनी किती? ५०० + (५० × १०) = १००० रुपये. हे आपण तोंडी सांगतो. आता लेकीच्या पुस्तकातलं सूत्र बघा:

शेवटचा वेग = सुरुवातीचा वेग + (त्वरण × काळ)

मागील शिल्लक म्हणजे सुरुवातीचा वेग. दर आठवड्याची जमा म्हणजे त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात पडणारी भर. आठवडे म्हणजे सेकंद. हिशोब तोच, फक्त नावं वेगळी.

आता एक गणित करू. अंबड बसस्थानकातून जालन्याकडे निघालेली एसटी ताशी ५४ किलोमीटर वेगानं चालली आहे. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि गाडी ५ सेकंदांत थांबली. त्वरण किती? ब्रेक लागल्यावर गाडी किती पुढं गेली?

आधी एकक बदलायचं. वेळ सेकंदात दिली आहे, मग वेगही ‘मीटर प्रति सेकंद’ मध्ये हवा. ताशी किलोमीटरला ५ नं गुणून १८ नं भागायचं. ५४ × ५ ÷ १८ = १५. म्हणजे गाडी सेकंदाला १५ मीटर जात होती. ५ सेकंदांत हे १५ शून्यावर आले, म्हणजे दर सेकंदाला ३ कमी झाले. त्वरण उणे ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. उणे का? शिल्लक घटत गेली म्हणून.

अंतरासाठी सरासरी काढा. १५ आणि ० यांची सरासरी ७.५. ७.५ × ५ = ३७.५ मीटर, म्हणजे साधारण तीन-साडेतीन एसट्या एकामागं एक उभ्या केल्यावर होईल तेवढं. एकक बदलायचं राहिलं तर उत्तर १३५ मीटर येतं. पाच सेकंदांत थांबलेली गाडी एवढी लांब जाईल का? हा प्रश्न विचारायला शाळा शिकलेली असावी लागत नाही.

वजन आणि वस्तुमान

इथं पुष्कळ लेकरं चुकतात, कारण आपण बाजारात दोन्हीला वजनच म्हणतो. डीएपीची गोणी ५० किलोची, हे तिचं वस्तुमान. पृथ्वी तिला खाली ओढते ते बल म्हणजे वजन. ते न्यूटनमध्ये मोजतात: ५० × ९.८ = ४९० न्यूटन. हीच गोणी चंद्रावर नेली तर वस्तुमान ५० किलोच राहील, वजन मात्र सहाव्या हिश्श्याएवढं होईल.

बलाचंही तसंच. बल = वस्तुमान × त्वरण. मोसंबीचे क्रेट भरलेली हातगाडी रिकाम्या गाडीपेक्षा जास्त जोर मागते, हे आपल्या हातांना ठाऊक आहे. न्यूटनचा दुसरा नियम तेच आकड्यात सांगतो. गोधडी झटकली की धूळ मागं राहून खाली पडते, एसटी एकदम थांबली की आपण पुढं झुकतो, हे जडत्व. तो पहिला नियम.

लेकीला हे पाच प्रश्न विचारा

१. गणितात काय काय दिलंय? वहीवर ओळीनं लिही.
२. काय विचारलंय?
३. चित्र काढ. गाडी कुठं, जोर कुठल्या दिशेला?
४. सगळी एककं जुळतात का?
५. आलेलं उत्तर खरं वाटतं का?

उत्तर तुम्हाला आलं नाही तरी चालेल. तुम्हाला समजावून सांगताना ती कुठं अडते, ते तिचं तिलाच कळतं. ती पायरी लिहून दुसऱ्या दिवशी सरांना किंवा मॅडमना दाखवायला सांगा. “मला काहीच येत नाही” म्हणण्यापेक्षा “इथपर्यंत आलं, पुढं अडलं” म्हटलं की शिक्षकांनाही नेमकं समजावता येतं. गाईडमधून उत्तर उतरवलं तर वही भरते, पण परीक्षेत आकडे बदलले की लेकरू तिथंच थांबतं.

पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं आधी उत्तर झाकून करायला लावा. पुस्तक फाटलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं.

ट्यूशनसाठी गटातून कर्ज काढण्याआधी एक करून बघा. गावात अकरावी-बारावी विज्ञानाला असलेली एखादी मुलगी असेल, तर रविवारी दोन तास नववी-दहावीच्या लेकरांना तिच्यासोबत बसवा. जागा ग्रामसंघाची, चहा आळीपाळीनं. शिकवणाऱ्या मुलीचाही पाया पक्का होतो. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि कोणाकोणाच्या घरी नववी-दहावीची लेकरं आहेत त्यांची नावं तिथंच लिहून घ्या.