बसून घेतलेले माप: दिव्यांग प्रवाशांच्या सुटीच्या कपड्यांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाजारात तयार मिळणारी जवळपास प्रत्येक पँट आणि कुर्ता उभ्या माणसाच्या मापावर बेतलेला असतो. व्हीलचेअरवर दिवस काढणारा, कॅलिपर किंवा कृत्रिम पाय लावणारा, पक्षाघातानंतर एकाच हाताने बटणे लावणारा माणूस हेच कपडे घरी कसेबसे निभावून नेतो, कारण घरी बदलायला जागा असते, वेळ असतो आणि मदतीला कोणीतरी असते. प्रवासात या तिन्हींची चणचण भासते. नागपूरहून पेंच, ताडोबा, चिखलदरा किंवा पचमढी गाठायची म्हणजे दोन ते सहा तास एकाच बैठकीत जातात, आणि वाटेत व्हीलचेअर आत शिरेल असे स्वच्छतागृह मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे सुटीच्या कपड्यांची निवड हा दिव्यांग प्रवाशासाठी हौसेइतकाच आरोग्याचाही विषय ठरतो. त्याविषयी घराघरांत आणि दुकानांतही बरेच गैरसमज पक्के बसलेले आहेत.

गैरसमज: दिव्यांग प्रवासी म्हणजे व्हीलचेअरवरचा प्रवासी

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या बहुसंख्य व्यक्ती व्हीलचेअर वापरत नाहीत. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. स्वमग्नता, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, बरा झालेला कुष्ठरोग हे सारे त्यात येतात आणि प्रत्येकाची कपड्यांची गरज वेगळी असते. स्वमग्न मुलाला मानेवरचे लेबल किंवा आतली जाड शिवण दिवसभर असह्य टोचू शकते. हात थरथरणाऱ्या माणसाला मनगटाचे बटण लावणे अवघड जाते. दृष्टिहीन व्यक्तीला रंगांशी काय देणेघेणे, असे सर्रास बोलले जाते. पण आपण कसे दिसतो आणि कपडे एकमेकांना शोभतात का, याची काळजी तिलाही असतेच. कपड्याच्या आत गाठीचा टाका किंवा छोटे वेगळे बटण शिवून खूण ठेवली आणि प्रत्येक दिवसाचा जोड वेगळ्या पिशवीत भरला, की हॉटेलच्या खोलीत तिला कोणाला विचारावे लागत नाही.

गैरसमज: आरामदायी कपडे म्हणजे ढगळ कपडे

हा सर्वांत खोलवर रुजलेला समज. याच्यामुळेच कित्येक तरुण मुलामुलींच्या वाट्याला सुटीच्या फोटोंतही ट्रॅकपँट आणि गाऊनच येतात. ढगळ कपड्याचे जादा कापड बसलेल्या माणसाच्या खाली गोळा होते आणि त्याच्या चुण्या पडतात. मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे कमरेखाली संवेदना नसेल, तर ती चुणी टोचते आहे हे कळतच नाही आणि काही तासांत त्वचेवर लाल चट्टा उमटतो. बेडसोरची सुरुवात अशीच होते. जीन्सचे मागचे खिसे, त्यावरची पितळी बटणे आणि मांडीच्या बाजूची जाड दुहेरी शिवणही तेवढीच घातक. सैल बाह्या व्हीलचेअरच्या चाकाला घासून मळतात, कधी अडकतात.

याच्या उलट टोकाला घट्ट कपडे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर मज्जारज्जूला इजा झालेल्यांमध्ये घट्ट पट्टा, आवळलेला मोजा किंवा पायाला करकचून बांधलेली लघवीची पिशवी एवढ्यानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर चढू शकतो. डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम सुटला, तर अशा व्यक्तीला आडवे न करता ताठ बसवायचे आणि आधी कपडे सैल करून पिशवीची नळी दुमडली आहे का ते पाहायचे असते. सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवे.

यावर उपाय मापाचा आहे. माणूस बसला की पँट पुढे पोटाशी गोळा होते, मागे कंबर उघडी पडते आणि पायाकडून दोन-तीन इंच वर चढते. म्हणून बसून वापरायच्या पँटचे आसन मागे उंच आणि पुढे कमी ठेवतात, लांबी वाढवतात, मागचे खिसे काढून मांडीवर घेतात. कुर्त्याच्या बाजूच्या चिरा उंच घेतल्या तर तो मांडीवर नीट पसरतो आणि मागे दबत नाही. स्वतः चाक ढकलणाऱ्याच्या शर्टाला मुंढा मोकळा आणि पाठीवर एखादी चुणी लागते, नाहीतर खांद्याची शिवण उसवते. असा कपडा बसलेल्या अंगावर रेखीव दिसतो. आराम आणि रुबाब यांत एकाची निवड करावी लागते ही समजूत उभ्या मापाने निर्माण केली आहे.

या विचाराला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेलन कुकमन या डिझायनरने दिव्यांगांसाठी ‘फंक्शनल फॅशन्स’ नावाने कपडे तयार केले होते. नाइकीचे एका हाताने घालता येणारे बूट २०१५मध्ये आले, तेही सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाच्या पत्रामुळे. मात्र नागपूरकराला त्यासाठी परदेशी माल मागवण्याची गरज नाही. इतवारी किंवा गांधीबागेतून कापड घ्यावे आणि ओळखीच्या टेलरला घरी बोलावून बसल्या जागी माप द्यावे, एवढ्यात बहुतेक काम होते.

गैरसमज: उन्हाळ्यात सुती कपडे घातले की काळजी मिटली

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि नवतपात तर दुपारी घराबाहेर पडणेच टाळले जाते. सुती कपडा हे इथले खरे शहाणपण आहे, पण तो सर्वांना सर्व ठिकाणी सारखा उपयोगी पडत नाही. सूत घाम शोषते आणि तो धरून ठेवते. पाठीवर, खांद्यावर हे चांगले, कारण वारा लागतो. बैठकीखाली मात्र वारा पोहोचत नाही. तिथे ओले सूत तासन् तास त्वचेला चिकटून राहते, त्वचा मऊ पडते आणि घासून सोलवटते. म्हणून लांबच्या प्रवासात वर सुती किंवा खादीचा सदरा आणि खाली ओल लवकर सुकवणाऱ्या पातळ, बिनशिवणीच्या कापडाची अंतर्वस्त्रे हा मेळ बरा पडतो. रेशमी किंवा सॅटिनसारखे गुळगुळीत कापड खुर्चीतून गादीवर सरकायला सोपे जाते. पण गुळगुळीत आसनावर त्याच कापडाने माणूस नकळत पुढे घसरत जातो, म्हणून पट्टा लावावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट घामाची. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झाली असेल तर इजेच्या पातळीखाली घाम फार कमी येतो किंवा येतच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंग तापले की अशक्तपणा आणि दृष्टीचा धूसरपणा तात्पुरता वाढतो. घामच नसेल तर सुती कापड सुकवणार काय? अशा वेळी घामाचे काम बाहेरच्या पाण्याला द्यावे लागते. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे मानेवर आणि खांद्यावर टाकलेला ओला शेला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसारखा गारवा देतो. कोकणच्या किंवा गोव्याच्या दमट किनाऱ्यावर हीच युक्ती फारशी चालत नाही. तिथे सावली, पंखा आणि पातळ कापड यांवरच भर द्यावा. उन्हात उघडे हात ठेवण्यापेक्षा पूर्ण बाहीचा सैलसर पांढरा सदरा अधिक थंड राहतो, हे डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरणाऱ्या नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. व्हीलचेअरवर मात्र त्या दुपट्ट्याचे टोक किंवा साडीचा पदर मोकळा सोडू नये. चाकात अडकलेला पदर गळ्याला फास लावू शकतो.

गैरसमज: साडी आता विसरायची

उलट मराठी घरात सर्वांत तयार उत्तर साडीतच आहे. दुकानांत मिळणारी शिवलेली नऊवारी ही रचनेने पँट आहे. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे राहतात, खुर्चीतून गाडीत बसताना साडी सुटत नाही. बाजूला चेन लावून घेतली तर बसल्या बसल्या नेसवता येते. शिवलेल्या पाचवारीला कमरेला इलॅस्टिक आणि टाके घातलेल्या निऱ्या असतात. तिची लांबी पावले ठेवायच्या पट्टीपासून दोन इंच वर ठेवावी आणि पदर खांद्यावर पिनने पक्का करावा. मोहाडी-भंडाऱ्याकडची कोशाची साडीही अशी शिवून घेता येते, कापड कापायचे धैर्य तेवढे लागते. पुरुषांसाठी जुनी बाराबंदी आठवावी. ती पुढून पूर्ण उघडते, बंदांनी बांधली जाते आणि डोक्यावरून ओढावी लागत नाही. पक्षाघात झालेल्याला कपडा घालताना दुर्बळ हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी बाहेर काढायचा असतो. हा क्रम पुढून उघडणाऱ्या कपड्यात सहज साधतो.

गैरसमज: बटणांऐवजी वेल्क्रो किंवा चुंबक लावले की झाले

वेल्क्रोची कल्पना स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काट्याळ फळांवरून सुचली. जंगलातून फिरताना त्या पट्टीत कुसळे आणि धागे तसेच अडकतात, धुताना ती उघडी राहिली तर दुसरे कपडे ओढते, आणि संवेदना नसलेल्या त्वचेवर तिची कडक बाजू ओरखडे काढते. चुंबकी बटणे एका हाताने छान लागतात. मात्र पेसमेकर असलेल्या व्यक्तीच्या छातीजवळ चुंबक चालत नाही, मदतीला असणाऱ्याला पेसमेकर असेल तरीही. डोक्यात पाणी झाल्यामुळे बसवलेल्या काही शंटच्या झडपाही चुंबकाने बिघडू शकतात. अशांना टिच बटण किंवा मोठ्या कडीची चेन योग्य.

गैरसमज: सुटीसाठी नवी, छान चप्पल घ्यावी

कृत्रिम पाय बसवताना तो एका ठरावीक टाचेच्या उंचीवर जुळवलेला असतो. टाच अर्ध्या-पाऊण इंचाने बदलली तरी गुडघा पुढे किंवा मागे ढकलला जातो आणि तोल जातो. नवे पादत्राण घ्यायचेच असेल तर त्याच टाचेचे घ्यावे. देवळात अनवाणी चालतानाही हाच प्रश्न येतो. १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट अनवाणी चालण्याची, उकिडवे बसण्याची भारतीय सवय डोळ्यांपुढे ठेवूनच तयार झाला. बाकीच्या पायांबाबत बनवणाऱ्याला विचारून घ्यावे. उष्णतेने उरलेला अवयव सुजतो, दिवसभरात त्याचा आकार बदलतो, म्हणून सुती मोज्यांचे दोन-तीन जास्तीचे जोड हाताशी असावेत.

रामटेकच्या गडमंदिराचे दुपारचे तापलेले दगड संवेदना नसलेल्या पायाला भाजतात आणि कळतही नाही. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांनी जाड मोजे घालावेत आणि दर्शनाची वेळ सकाळची ठेवावी. त्यांच्यासाठीची एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची, खिळे न ठोकलेली चप्पल विदर्भात कुष्ठसेवेमुळे पिढ्यांपासून परिचित आहे. ती ओबडधोबड दिसते म्हणून प्रवासात टाळणे महागात पडते. वरचे पट्टे हव्या त्या रंगाच्या चामड्याचे बसवून घेता येतात.

गैरसमज: विमानतळावर कृत्रिम पाय काढावाच लागतो

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये स्पष्ट म्हटले की कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांना तपासणीसाठी तो काढायला सांगू नये, कारण त्याने मानवी प्रतिष्ठेचा भंग होतो. संमतीवाचून व्यक्तीला उचलणेही न्यायालयाने अमानवी ठरवले. तपासणी मात्र होतेच. सोनेगावच्या विमानतळावर जाताना रुंद घेराची किंवा बाजूला चेन असलेली पँट घातली तर कपडे न उतरवता पाय दाखवता येतो. धातूचे हुक आणि जड बक्कल टाळले की वेळ वाचतो. आडोसा मागण्याचा हक्क प्रवाशाला आहे.

थंडी आणि पावसाचे थोडक्यात. डिसेंबरात पेंच किंवा ताडोबाच्या पहाटेच्या उघड्या जिप्सीत पाय आधी गारठतात, आणि हालचाल नसलेले पाय स्वतःहून तापत नाहीत. लोकरी मोजे आणि मांडीवर चादर घ्यावी. गरम पाण्याची पिशवी बधिर पायावर ठेवू नये, तिने खोल भाजते. चिखलदऱ्याच्या पावसात नेहमीचा रेनकोट मांडी ओलीच ठेवतो. पुढे गुडघ्याखाली उतरणारा आणि मागे आसनाला टेकेल इतकाच आखूड पोंचो शिवून घ्यावा.

राहिला नव्या कपड्यांचा मोह. प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवलेला कपडा कुठे टोचतो ते रस्त्यातच कळते. स्वमग्न मुलांचे कपडे तर चार-पाच वेळा धुऊन मऊ केल्यावरच बरोबर घ्यावेत. टेलरकडे किमान तीन आठवडे आधी जा, बसून माप द्या, आणि शिवून आलेला कपडा घरी एक पूर्ण दिवस घालून रात्री त्वचा तपासा. दाबून सोडल्यावरही न जाणारा लाल चट्टा दिसला, तर तो कपडा परत टेलरकडे पाठवा.