पहिला पसंतीक्रम भरताना

दहावीचा निकाल लागला, की जिवतीसारख्या तालुक्यात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : पुढे कुठे? पूर्वी याचे उत्तर सोपे होते. गुणपत्रिका हाती आली, की विद्यार्थी गावातल्या, गडचांदूरच्या किंवा राजुऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन अर्ज देत असे आणि बहुधा त्याच आठवड्यात प्रवेश पक्का होत असे. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून हे चित्र बदलले. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया मुंबई परिसरात २००९ मध्ये सुरू झाली होती. पुढे ती पुणे, नागपूर, नाशिक व अमरावती या शहरांत आली आणि २०२५ मध्ये संपूर्ण राज्याला लागू झाली. माणिकगडच्या डोंगररांगेतील कोलामगुड्यावरचा विद्यार्थी आणि दादरचा विद्यार्थी त्या वर्षी प्रथमच एकाच रांगेत उभे राहिले.

या रांगेसोबत एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे वाट पाहणे. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. २१ मे रोजी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. पहिल्या यादीची तारीखही पुढे गेली व ती यादी अखेर २८ जूनला जाहीर झाली. निकालापासून यादीपर्यंत तब्बल साडेसहा आठवडे गेले. हेच दिवस पेरणीचे. घरची मोठी माणसे शेतात, मोबाइलला कधी संपर्क मिळतो, कधी मिळत नाही, आणि विद्यार्थी मात्र कोणत्याही क्षणी यादी लागेल या धास्तीत. हा काळ वाया जाऊ नये यासाठी मुळात प्रवेशाचा निर्णय नेमका केव्हा होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

निर्णय यादीच्या दिवशी होत नाही

यादी लागते त्या दिवशी निकाल कळतो. निर्णय मात्र त्याआधीच, पसंतीक्रम भरताना झालेला असतो. अकरावीच्या अर्जात विद्यार्थ्याला किमान एक व कमाल दहा महाविद्यालये क्रमाने नोंदवता येतात. नियम असा, की पहिल्या क्रमांकावर नोंदवलेले महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक आहे. तो घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या शेवटच्या फेरीपर्यंत त्याला थांबावे लागते. दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकावरचे महाविद्यालय मिळाल्यास मात्र प्रवेश घ्यायचा की पुढच्या फेरीची वाट पाहायची, हे ठरवण्याची मुभा असते. २०२५ मधील पहिल्या यादीत सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या आणि त्यांतील साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना पहिल्या पसंतीचेच महाविद्यालय मिळाले. म्हणजे ज्यांना जागा मिळाली, त्यांतील बहुतेकांपुढे यादीच्या दिवशी निवडीला वावच उरला नव्हता.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत अशीच एक पद्धत बऱ्याच वर्षांपासून आहे. विद्यार्थी नोव्हेंबरच्या सुमारास एकाच विद्यापीठाकडे लवकर अर्ज करतो आणि प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे वचन देतो. डिसेंबरच्या मध्यास उत्तर येते : होकार, नकार किंवा पुढच्या नियमित फेरीत फेरविचार. या पद्धतीवर तिकडेही टीका होत आली आहे. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याला कोणते विद्यापीठ किती आर्थिक साहाय्य देईल याची तुलना करायची असते. आधीच वचन दिले, की ती संधी जाते. हार्वर्ड विद्यापीठाची लवकर प्रवेशाची पद्धत असे वचन घेणारी नव्हती. तरीही अशा पद्धतीचा लाभ सुस्थितीतल्या मुलांनाच अधिक होतो, हे कारण देऊन त्या विद्यापीठाने २००६ मध्ये ती थांबवण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. जिवतीच्या विद्यार्थ्यापुढचा पेच याच जातीचा आहे. त्याच्यासाठी खर्चाचा खरा प्रश्न वसतिगृहाचा आहे आणि त्याचे उत्तर प्रवेशानंतर मिळते.

आधी प्रवेश, मग वसतिगृह

आदिवासी विकास विभागाच्या किंवा समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहासाठी अर्ज करताना महाविद्यालयातील प्रवेशाचा पुरावा लागतो. त्यामुळे चंद्रपूरच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयाला पहिला क्रमांक देणाऱ्या विद्यार्थ्याला, तेथे राहण्याची सोय होईल की नाही हे माहीत नसतानाच बंधनकारक होकार द्यावा लागतो. जिवतीहून घाट उतरून गडचांदूर, तेथून राजुरा आणि पुढे चंद्रपूर हे अंतर रोज ये-जा करण्याजोगे नाही. वसतिगृह मिळाले नाही तर खोलीभाडे व खाणावळीचा खर्च महिन्याच्या महिन्याला उभा राहतो, आणि पुष्कळदा दिवाळीपूर्वीच मुलगा किंवा मुलगी गावी परत येते.

शासनाच्या साहाय्य योजनांतील एक फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना निवास व भोजनासाठी थेट बँक खात्यात रक्कम देणारी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना मात्र अकरावी-बारावीलाही लागू होते. तेव्हा अकरावीला शहरात जाणाऱ्या गोंड, कोलाम किंवा परधान विद्यार्थ्याने ‘वसतिगृह नाही मिळाले तर स्वयम् आहेच’ असे गृहीत धरू नये.

यावर उपाय असा, की यादी दोन टप्प्यांत करावी. प्रथम शक्यतेची चाळणी लावावी : वसतिगृह मिळाले नाही तरी जेथे वर्ष पार पडू शकेल, तीच महाविद्यालये पहिल्या क्रमांकासाठी विचारात घ्यावीत. एखाद्या गावी नातेवाईक असतील, महाविद्यालयाचे स्वतःचे वसतिगृह असेल किंवा रोजच्या बसने जाता येत असेल, तर ते महाविद्यालय या चाळणीतून पार पडते. चाळणीनंतर उरलेली महाविद्यालये मग केवळ आवडीच्या क्रमाने लावावीत.

एक रूढ गैरसमज

आवडीचा क्रम लावताना एक भीती हमखास आडवी येते. ‘मोठे महाविद्यालय पहिले टाकले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल’ असा समज पालकांत रूढ आहे. तो चुकीचा आहे. केंद्रीय प्रक्रियेत संगणक प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणवत्ता क्रमांकानुसार त्याची यादी वरून खाली तपासतो. पहिल्या ठिकाणी जागा नसेल, तर त्याच गुणवत्ता क्रमांकाने दुसरे ठिकाण पाहिले जाते, मग तिसरे. एखादे महाविद्यालय चौथ्या क्रमांकावर लिहिले म्हणून तेथे विद्यार्थ्याचा हक्क कमी होत नाही. धोका वेगळाच आहे. काही विद्यार्थी दोन-तीनच नावे भरून थांबतात आणि त्यांतील एकही मिळाले नाही, की पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने राहतात. यादीच्या तळाशी जवळचे, हमखास मिळू शकणारे एखादे महाविद्यालय असलेच पाहिजे.

बारावीनंतरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे नियम थोडे निराळे आहेत. अभियांत्रिकीच्या २०२५-२६ मधील प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी पसंती मिळाली, की ती जागा आपोआप पक्की समजली जात होती. त्याखालची पसंती मिळाल्यास जागा स्वीकारून अधिक चांगल्या जागेसाठी पुढच्या फेरीत थांबता येत होते; मात्र नवी जागा मिळताच जुनी आपोआप रद्द होत असे. हे नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून वरच्या वर्गातील मित्राच्या आठवणीवर न विसंबता त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे श्रेयस्कर.

वाट पाहण्याच्या दिवसांत काय करावे?

यादीची वाट पाहताना दिवसातून दहा वेळा संकेतस्थळ उघडल्याने काही साधत नाही. पुढची तयारी मात्र याच काळात होऊ शकते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते यांतील एखादी गोष्ट राहिली असेल, तर ती यादी लागण्यापूर्वीच पूर्ण करावी, कारण जागा मिळाल्यानंतर प्रवेश निश्चित करण्यास थोडेच दिवस मिळतात. पाऊस सुरू झाल्यावर नाले भरतात, वीज जाते, सेवा केंद्रातील यंत्रणा बंद पडते. हे धरूनच वेळेचा हिशेब करायला हवा. अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक घरातल्याच कोणाचा तरी असावा. सेवा केंद्रचालकाचा क्रमांक दिला आणि संदेश त्याच्याकडेच राहिला, तर मिळालेली जागाही हातून जाऊ शकते. प्रवेश अर्जाचा क्रमांक व परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवावा.

विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी जातवैधतेचा प्रश्न अकरावी-बारावीतच हाती घ्यावा. या तालुक्यात तो अधिक किचकट आहे. जुना राजुरा तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या नोंदी आजच्या तेलंगणातील आदिलाबादकडे, उर्दू दप्तरात सापडण्याचीही शक्यता असते. मराठवाड्यातून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना मूळ गावी जाऊन कागद शोधावे लागतात. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. हे काम आठ दिवसांत उरकत नाही.

ज्या १४ गावांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षे दावा सांगितला, तेथील मुलांना आणखी एक निवड करावी लागते. दोन्ही राज्यांच्या शाळा जवळ असल्याने सोयीची वाटेल तेथे अकरावी घेण्याकडे कल असतो. परंतु महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी, काही अपवाद वगळता, दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. सीमेपलीकडे इंटरमिजिएटला नाव घालताना दोन वर्षांनंतरचा हा दरवाजा आपण बंद करत आहोत का, याचा विचार आधी करावा.

यादीत नाव नसेल तर

पहिल्या यादीत नाव नसणे म्हणजे प्रवेश नाकारला जाणे नव्हे. २०२५ मध्ये राज्यात अकरावीच्या सुमारे २१ लाख जागा होत्या आणि पहिल्या फेरीसाठी अर्ज करणारे विद्यार्थी त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. अडचण जागांची नसून हव्या त्या ठिकाणच्या जागांची असते. अशा वेळी रागाच्या भरात मिळेल तेथे पैसे भरून मोकळे होण्यापेक्षा, पहिल्या फेरीत आपल्या प्रवर्गासाठी प्रवेश किती गुणांवर थांबला ते पाहावे व दुसऱ्या फेरीआधी पसंतीक्रम सुधारावा. ती संधी नियमानेच दिलेली असते.

पालकांचीही यात एक जबाबदारी आहे. अर्ज भरताना सेवा केंद्राच्या बाकावर विद्यार्थ्याला एकटे बसवून शेतावर निघून जाऊ नये. घरात गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोली बोलली जात असेल आणि अर्जातील शब्द अपरिचित असतील, तर शाळेतल्या शिक्षकांना सोबत घ्यावे. पहिला पसंतीक्रम नोंदवण्यापूर्वी तेथे राहायचे कुठे, जेवायचे कुठे आणि महिन्याला खर्च किती, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. ती लिहिता आली, तर यादी जूनमध्ये लागो की जुलैमध्ये, विद्यार्थी तिला तयारीने सामोरा जाईल.