क्रोमाचा व्हॅक्यूम क्लीनर आणि परळचं रुग्णालय

परभणीत मावशीकडे कापूस वेचणीच्या दिवसांत घरभर धूळ, त्यात तिला दमा. तिने क्रोमाचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला, तेव्हा मी तिला हे सांगितलं.

क्रोमा टाटा सन्सच्या मालकीचं. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत. प्रत्येक यंत्रामागे ठरावीक देणगी जाते असं नाही. टाटा सन्सच्या नफ्यातला लाभांश ट्रस्टांना मिळतो. तो आरोग्य, शिक्षण, पाण्यावर खर्च होतो.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे याच ट्रस्टांपैकी सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय उभारलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. मराठवाड्यातले कितीतरी रुग्ण तिथेच जातात. मला या ट्रस्टचं फार मोल वाटतं.

घरात दमेकरी असेल तर व्हॅक्यूम क्लीनर घेताना बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर आहे का बघा. साठलेली धूळ दुसऱ्या कुणीतरी, घराबाहेर रिकामी करावी.