एशियाडॅपिस
नरवानर गणाच्या अ‍ॅडॅपॉइड गटातील एक विलुप्त प्रजाती. तिचे जीवाश्म गुजरातच्या सुरत जिल्ह्यातील वस्तान व तडकेश्वर येथील लिग्नाइटाच्या खाणींत आढळले आहेत. सु. ५·४५ कोटी वर्षांपूर्वीच्या (पूर्व आदिनूतन कालीन) खंबायत शेल या शैलसमूहात ते असून भारतातील ज्ञात नरवानरांपैकी हे सर्वांत प्राचीन होत. के. डी. रोझ, आर. एस. राणा, अशोक सहानी व टी. स्मिथ यांनी २००७ मध्ये एशियाडॅपिस कॅम्बेएन्सिस या जातीच्या वर्णनाबरोबर ही प्रजाती स्थापिली. तडकेश्वर येथील त्याहून मोठ्या जातीस २०१८ मध्ये ए. तापिएन्सिस हे नाव देण्यात आले.

हा प्राणी लहान असून त्याचे वजन काही शे ग्रॅम असावे. जबड्याचे तुकडे व दात यांवरून त्याचे यूरोपातील डॉनरसेलिया या आद्य प्रजातीशी साम्य दिसते. याच थरांतील नरवानरांची अवयवांची हाडे फारशी विशेषित नाहीत. त्यांवरून हे प्राणी झाडांवर चपळपणे वावरत असावेत, असे अनुमान निघते. भारतीय भूखंड आशियाला भिडण्याच्या सुमाराचा हा काळ असल्याने नरवानर भारतात बाहेरून आले की येथून अन्यत्र पसरले, या वादात या जीवाश्मांना विशेष महत्त्व आहे. यूरोपीय प्रजातींशी असलेले साम्य दोन्ही प्रदेशांतील दळणवळण सुचविते. मात्र त्याची दिशा त्यावरून ठरत नाही.

तापी नदी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत सुरत जिल्ह्यात जाते. तरीही खानदेशात असे जीवाश्म मिळत नाहीत. याचे कारण भूवैज्ञानिक आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांवर येथे एकदम चतुर्थ कल्पातील गाळ पसरलेला असून मधल्या काळाचे अवसादी थर नाहीत. त्यामुळे चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील उत्तर पुराणाश्मयुगीन अवशेषांत शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली, तरी आदिनूतन प्राण्यांचा पुरावा खानदेशाला नदीच्या खालच्या अंगालाच शोधावा लागतो.

हे थर खाणकामामुळेच उघडे पडले व खाणकामातच ते नष्टही होतात. म्हणून त्यांतील जीवाश्मांचे संकलन वेळीच होणे आवश्यक ठरते.