आधी पडायला शिका

दिल्लीतील हिंदूराव हे नाव बहुतेकांना तिथल्या रुग्णालयामुळे माहीत असते. पण नाव आपल्याकडचे आहे. बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलचे हिंदूराव घाटगे यांचा वाडा या टेकडीवर होता. याच भागात आमचे घर आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा माझी सहा वर्षांची बहीण ज्युदोच्या वर्गाला जाऊ लागली होती आणि आई तिथे सरांना मदत करत होती. आई कधीच ज्युदो खेळलेली नाही. मग ती मुलांना काय शिकवते, हे पाहायला मीही वर्गात जाऊन बसलो.

जिगोरो कानो या जपानी शिक्षकांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला. त्यात डाव टाकण्याआधी पडायला शिकवतात. याला उकेमी म्हणतात. माणूस मागे पडू लागला की आपोआप हात मागे टेकतो आणि सगळा भार मनगटावर किंवा कोपरावर येतो. म्हणून हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि दोन्ही हातांचे तळवे गादीवर आपटायचे. त्यामुळे धक्का एका जागी न बसता पसरतो आणि डोके गादीला लागत नाही.

हे मोठ्यांना सांगून समजते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी जवळ हवे. वीस मुले आणि एक सर, म्हणून तिथे पालक उपयोगी पडतात. आई पट्टे बांधून देते, उंची आणि वजन पाहून जोड्या लावते, गाद्यांमध्ये फट पडली की सरकवून घेते. मूल मागे पडताना त्याच्या मानेखाली हात धरते. डाव मात्र सरच शिकवतात. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर मूल गोंधळते.

वर्गाचा आणखी एक नियम आहे. मदत करणाऱ्या पालकाने स्वतःच्या मुलाला हात लावायचा नाही. सगळी मुले आईला 'आंटी' म्हणतात. बहीणसुद्धा गादीवर तिला आंटीच म्हणते!

एके दिवशी बहीण हात मागे टेकून पडली आणि रडू लागली. ती आईकडे पाहत होती. आई दुसऱ्या मुलाची मान धरून बसली होती. ती उठली नाही. सरांनी बहिणीचा कोपर आणि मनगट तपासले. काही झाले नव्हते. घरी आल्यावर मी जरा रागानेच विचारले, "आई, तू गेली का नाहीस?"

आई म्हणाली, "माझ्या हातात दुसऱ्याचं पोर होतं. आणि तिच्याजवळ सर होते ना!"

आई-वडिलांनी मुलांना असे तयार करणे आपल्याकडे जुनेच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पाच वर्षांचे असताना त्यांचे वडील दादासाहेब यांनी त्यांना कुस्तीची ओळख करून दिली. पुढे दुसऱ्या गुरूंनी त्यांना घडवले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. सुरुवात वडिलांनी करून दिली, पण हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा एकटेच उतरले.

सहावीत मला वसतिगृहात सोडून आई मागे वळून न पाहता निघून गेली होती. त्याचा मला बरेच दिवस राग होता. या सुट्टीत तो गेला.

सुट्टी संपायच्या आत बहीण न रडता, बरोबर हात आपटून पडायला शिकली. मी आता शाळेत सहावीची मुले बीमवर लटकतात तेव्हा खाली उभा राहतो. त्यांना धरत नाही, पण हात तयार ठेवतो.