हेलिकॉप्टर आदळताना आसनाने का खचावे?

कॅमडेन, लंडन : ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी १९८३ पासून मोटारीच्या पुढील आसनांवर पट्टा बांधणे सक्तीचे झाले. कॅमडेनच्या रस्त्यांवर गाडी चालवणारे मराठी लोकही आज तो सवयीने बांधतात. मोटारीची धडक बहुधा समोरून बसते आणि बॉनेट चेपता चेपता तिचा बराचसा जोर जिरतो. हेलिकॉप्टरचा आघात मात्र पुष्कळदा खालून येतो, थेट पाठीच्या कण्यावर. तेथे नुसता पट्टा पुरत नाही. आसनालाच खाली खचावे लागते.

अमेरिकी लष्कराने १९६७ मध्ये या विषयावरील मार्गदर्शिका काढली आणि १९७४ मध्ये मानक ठरवले. हेलिकॉप्टर सेकंदाला १२.८ मीटर वेगाने, म्हणजे सुमारे आठ मीटर उंचीवरून पडल्याप्रमाणे, आदळले तरी आतील माणसे जगली पाहिजेत, अशी त्यातील अपेक्षा. कण्याला सोसेल असा भार शरीराच्या वजनाच्या साधारण साडेचौदा पट धरला जातो. या मर्यादेत तो वेग थांबवायचा तर साठेक सेंटिमीटर अंतर लागते. ते चाकांचे दांडे, बुडाचा सांगाडा आणि आसन मिळून पुरवतात. आसन उभ्या दांड्यांवरून खाली घसरते. त्याला धरून ठेवणारी धातूची नळी किंवा तार वाकत, चिरडत ऊर्जा शोषते. आसनाखाली सामान कोंबले की ही वाटच बंद होते.

पट्ट्यांचे काम शरीर आसनाला जखडून ठेवण्याचे. कमरेचे दोन, खांद्यांवरचे दोन आणि मांड्यांमधून वर येणारा पाचवा. हा पाचवा अनेकांना नकोसा वाटतो. पण तो नसेल तर शरीर कमरपट्ट्याखालून पुढे सरकते आणि पोटातील अवयवांना इजा होते.

आणखी एक अडचण वजनाची. ठरावीक भाराला खचणारे आसन हलक्या माणसाला अधिक जोराचा झटका देते, तर जड माणसाला घेऊन तळाशी टेकते. म्हणून काही नव्या आसनांवर वजनानुसार भार बदलता येतो. २०२२ मध्ये नाशिकच्या लष्करी हवाई प्रशिक्षण विद्यालयातून कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. आता वैमानिकांच्या शरीरयष्टीतील फरक दुर्लक्षिता येणार नाही.

भारतीय सैन्यदलांतील चेतक आणि चीता यांचे मूळ फ्रेंच आराखडे १९५० च्या दशकातले, म्हणजे या साऱ्या मानकांआधीचे. २०१५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांची भेट घेऊन ही हेलिकॉप्टरे निवृत्त करण्याची मागणी केली होती. त्यांचा रोख मुख्यतः जुनाट यंत्रांवर होता. परंतु आसनाचा मुद्दाही त्याच मागणीला बळ देतो. जुन्या हेलिकॉप्टरात नवे आसन बसवता येईल, पण ते खचण्यासाठी खाली पुरेशी जागा हवी आणि बुडाच्या सांगाड्यानेही आपला वाटा उचलायला हवा. आराखड्यातच नसलेली ही जागा नंतर काढणे फार कठीण असते.